तिसऱ्या दिवसाचं फावडं

ही गोष्ट खरी आहे.

शपथ घेणार नाही. ज्याला पटणार नाही त्याने इथेच थांबावं, माझा राग नाही.

आणखी एक. भुताची गोष्ट म्हटलं की लोकांना रात्र हवी असते, अंधार हवा असतो, कुत्र्याचं रडणं हवं असतं. इथे तसलं काही नाही. ही दुपारची गोष्ट आहे. मागच्या वर्षीचा ऑगस्ट, दुसरा मंगळवार, सव्वाचारची वेळ. टांझानियातल्या माफिया बेटाच्या दक्षिण टोकाला चुंगानी नावाचं गाव. बाहेर इतकं लख्ख ऊन की डोळे बारीक करावे लागत होते.

घडलं ते माझ्या थोरल्या बहिणीच्या बाबतीत. हिदाया तिचं नाव. मी तिथे नव्हते. पण तिने मला सगळं एका बैठकीत सांगितलं, आणि सांगून झाल्यावर ती जे करायला निघाली, त्यामुळे मला हे मनात ठेवता येत नाही.

*

हिदाया आणि शोमारी दार-ए-सलामला राहतात. शोमारी बंदरावर क्रेन चालवतो. हिदाया घरी शिवणकाम करते. एकच मुलगी, नस्रा, ती लग्न होऊन अरुशाला.

अकरा वर्षं, दर ऑगस्टला, दोघं दहा दिवस चुंगानीला जायची. तेच घर. तीच खाट. तीच खिडकी, जिच्यातून समुद्र दिसत नाही पण ऐकू येतो.

"वर्षभर मी लोकांची ओझी उचलतो," शोमारी म्हणायचा. "बेटावर माझा हात फक्त ताटातून तोंडापर्यंत जाणार."

आणि हा शब्द त्याने पाळला होता. अकरा वर्षांत त्याने तिथे विहिरीतून एक बादली काढली नव्हती.

मागच्या वर्षी मात्र जाण्याचं कारण वेगळं होतं. फेब्रुवारीत शोमारी क्रेनच्या शिडीवर कोसळला. हृदयाचा त्रास निघाला. डॉक्टर म्हणाले, विश्रांती द्या. नस्रा फोनवर रडली. "आई, बाबांना जसे नेशील तसे परत आण."

"आणते," हिदाया म्हणाली.

तिला त्या प्रवासातून एवढंच हवं होतं. नवरा नीट परत आणायचा. बाकी काही नको.

घर बी मिझेचं होतं. तिकडे मोठ्या बाईला 'बी' म्हणतात. म्हातारी, ठेंगणी, एका पायाने लंगडणारी. स्वतः मागच्या एका खोलीत राहायची आणि पुढचं घर या दोघांना द्यायची. रोज दुपारी सव्वाचारला ती फडक्याने झाकलेली थाळी घेऊन यायची. थाळीत गरम विटुंबुआ, तांदळाच्या पिठाचे, नारळाच्या दुधातले, गोड अप्प्यांसारखे. आणि दाराबाहेर थांबून हाक मारायची.

"होऽऽदी..."

दारावर आलेलं माणूस होदी म्हणतं. आतलं माणूस करिबू म्हणतं. या, आत या. कोणी शिकवावं लागत नाही. ताप असो, भांडण असो, झोप असो, होदी कानावर पडलं की तोंडातून करिबू निघतंच. शिंकेसारखं.

शोमारी तर डोळेही उघडायचा नाही. "करिबू, बी!" म्हणायचा आणि कूस बदलायचा.

बी मिझे मार्च महिन्यात वारली.

हे दोघांना ठाऊक होतं. त्यांना फोन आला होता. हिदाया त्या दिवशी जेवली नव्हती. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की मी लपवून ठेवलं.

*

नाव वाळूला लागली तेव्हा किनाऱ्यावर अराफा उभी होती. बी मिझेची भाची. शेजारच्या घरात राहणारी. घराची किल्ली आता तिच्याकडे.

"या साहेब! पोट आधी उतरलं, साहेब मागून आले."

"अराफा, तुझ्या जिभेला अजून गिऱ्हाईक मिळालं नाही वाटतं?" शोमारी म्हणाला.

"मिळतं की. चव घेतं आणि पळून जातं."

तिघंही हसली. मग बी मिझेचं नाव निघालं आणि अराफा त्यांना मशिदीकडे घेऊन गेली. गावच्या मशिदीमागे तिची कबर होती. तिथे जाऊन दोघांनी हात पसरून दुआ केली. कबरीवर शिंपले मांडलेले होते. सगळं नीट होतं.

घराशी आल्यावर अराफाने किल्ली दिली.

"दुपारी झोपणार?"

"झोपायलाच आलोय," शोमारी म्हणाला.

"झोपा की. फक्त..."

"फक्त काय?"

"काही नाही. दार लोटून घ्या. कोंबड्या शिरतात."

*

आले तोच दिवस, मंगळवार. सव्वाचार.

जेवण झालं होतं. नारळातला भात, ऑक्टोपसचं कालवण. शोमारी पाठीवर झोपला होता. हिदाया त्याच्या छातीकडे बघत पडली होती. फेब्रुवारीपासून तिला ती सवयच लागली होती. छाती वर गेली, खाली आली, की मग तिचे डोळे मिटायचे.

मिटले.

बाहेर वारा होता. नारळाच्या झावळ्यांची सळसळ चालू होती.

मग ती सळसळ थांबली.

आणि...

"होऽऽदी..."

"करिबू, बी!" शोमारी म्हणाला.

त्याने कूस बदलली.

मग तो हळूच परत वळला. त्याचे डोळे उघडे होते.

"अहो," हिदाया कुजबुजली. "नस्राचे बाबा. तुम्ही कोणाला करिबू म्हणालात?"

त्याने उशीवरून डोकं उचललं.

"कोणाला म्हणालात?"

"तू पण ऐकलंस ना?"

तिने मान हलवली.

दोघं दाराकडे बघत राहिली. दार लोटलेलं होतं. त्याच्यापुढे पडदा. पडदा हलला नाही. कडी वाजली नाही. लंगडणारं पाऊल वाजलं नाही. कोणी आत आल्याचं कुठलंच चिन्ह नव्हतं.

फक्त...

खोलीत गरम नारळाच्या तेलाचा वास होता.

"अराफाची थट्टा असेल," शोमारी म्हणाला. पण तो उठला नाही. शेवटी हिदायाच उठली आणि तिने दार उघडलं.

*

इथे ताई दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगते.

आधी म्हणाली, दाराबाहेर चपलांचे तीन जोड होते. दोन यांचे. तिसरा निळा, जुना, पट्टा दोऱ्याने शिवलेला.

पुन्हा सांगताना म्हणाली, जोड दोनच होते. पण दोन्ही दाराच्या एका बाजूला सरकवून ठेवले होते, कोणीतरी आपल्या चपलांसाठी जागा केल्यासारखे.

"ताई, यातलं खरं कोणतं?" मी विचारलं.

"दोन्ही," ती म्हणाली. "मी दोनदा दार उघडलं होतं."

*

बुधवार.

सकाळी काहीच झालं नाही. कोंबड्या, ऊन, ओहोटीला काठ्या घेऊन ऑक्टोपस शोधायला निघालेल्या बायका. हिदायाला स्वतःचंच हसू आलं. झोपेत माणसाला काय काय ऐकू येतं!

दुपारी तिने भात वाढला. शोमारी बसला. ती बसली. घास उचलला.

आणि मग तिने पाहिलं...

चटईवर तीन ताटं होती.

तिसऱ्या ताटात भात होता, कालवण होतं, वर लिंबाची फोड होती. बी मिझेला लिंबू लागायचं. हे ताट दुसऱ्या कोणी मांडलेलं नव्हतं. तिच्याच बोटांना भात चिकटलेला होता.

"तिसरं कोणाचं?" तिने विचारलं.

शोमारीने ताटाकडे पाहिलं. "जेव," तो म्हणाला. "पाहुण्यासमोर असं विचारत नाहीत."

"कोण पाहुणं?"

त्याने घास तोंडात घातला.

संध्याकाळी दोघं बाहेरच्या दगडी ओट्यावर बसली होती. बसल्या बसल्या शोमारी थोडा सरकला. एका माणसापुरता.

"कोणासाठी सरकलात?"

"कोणासाठी कुठे? ऊन येत होतं."

ऊन केव्हाच गेलं होतं.

"आपण आज अराफाकडे झोपू," हिदाया म्हणाली. "शुक्रवारची नाव पकडू. दहा दिवस राहून काय करायचंय?"

"आत बोलावून आपणच बाहेर पडायचं? लोक काय म्हणतील?"

"लोकांना कुठे दिसतंय!"

"तिला दिसेल ना," शोमारी म्हणाला.

तो हे चेष्टेत म्हणाला की कसं, ते तिला कळलं नाही. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात नवऱ्याची चेष्टा न कळण्याची तिची ही पहिली वेळ.

*

त्याच संध्याकाळी, विहिरीवर.

"अराफा, तुझी मावशी येते का गं?"

"कुठे?"

"सोंग करू नकोस. घरी. दुपारी."

"...येते."

"कधीपासून?"

"चाळीसावा दिवस झाल्यापासून. रोज. तीन हाका मारते. कोणी ओ दिली नाही की निघून जाते. जिवंत माणसाला तोच नियम, मेलेल्याला तोच. तीन हाका, मग परत फिरायचं. गावात सगळ्यांना ठाऊक आहे. कोणी ओ देत नाही."

"शोमारीने दिली."

"काय?"

"पहिल्याच हाकेला. झोपेत."

"या अल्ला. करिबू म्हणाले?"

"करिबू, बी म्हणाले. नावानिशी."

"अहो ताई, 'या' म्हटलेल्या माणसाला 'जा' कोण म्हणणार आता?"

"मला आधी का नाही सांगितलंस? कोंबड्या म्हणे!"

"सांगितलं असतं तर आला असतात? घर रिकामं पडलं असतं. मला वाटलं, दार लोटलेलं असेल, तुम्ही दमून मेल्यासारखे झोपाल..."

"अराफा, त्यांच्या छातीत दुखणं आहे. त्यांना काही झालं ना, तर मी तुला सोडणार नाही."

"शिव्या नंतर द्या. दिवस कितवा?"

"आज दुसरा."

"मग उद्या जमेल. पाहुणा दोन दिवस, तिसऱ्या दिवशी त्याच्या हातात फावडं. हे लहान पोरालाही माहीत असतं. उद्या जेवणं झाली की दाराबाहेर फावडं ठेवा आणि तोंडाने सांगा. काम दिलं की पाहुणा उठतो. आणि माझी मावशी तर जन्मात शेतात उतरली नाही. फावडं बघून ती मक्केपर्यंत पळेल."

हिदाया हसली. त्या तीन दिवसांत एकदाच.

अराफाने स्वतःच्या घरातलं फावडं आणून दिलं. दांडा नवा होता, पातं घासलेलं.

*

गुरुवार.

जेवण झालं. ताटं परत तीनच मांडली गेली होती, पण आज तिने मनाला लावून घेतलं नाही. आज शेवटचा दिवस.

फावडं दाराबाहेर, उजव्या हाताला, भिंतीला टेकवून ठेवलं. मग आत वळून, रिकाम्या खोलीला, ती मोठ्याने म्हणाली,

"बी, दोन दिवस झाले. तुमचा मान राखला. आज तिसरा दिवस. हे फावडं."

शोमारी खाटेवरून बघत होता. "नीट बोललीस," तो म्हणाला. बस, एवढंच.

ती त्याच्याशेजारी आडवी झाली. त्याचं मनगट तिने हातात धरलं. झोपायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. हाक आली तर त्याच्या तोंडावर हात ठेवायचा. मग तीन हाका होतील, आणि संपलं.

सव्वाचार झाले.

हाक आली नाही.

साडेचार.

हाक आली नाही. तेलाचा वासही गेला होता. खोली अगदी खोलीसारखी झाली. हिदायाला इतकं हायसं वाटलं की तिचे डोळे भरून आले. भरलेले डोळे तिने मिटले. क्षणभरच.

मग...

खच्.

खच्.

खच्.

मागच्या परसातून आवाज येत होता. माती उलटण्याचा. संथ, एका लयीत.

पहिल्यांदा तिला आनंदच झाला. घेतलं! म्हातारीने फावडं घेतलं!

मग तिच्या लक्षात आलं...

तिच्या मुठीत काही नव्हतं.

खाट रिकामी होती.

ती अनवाणी धावली. परसात शोमारी होता. कमरेला लुंगी, उघडी पाठ, पाठीवरून घाम वाहणारा. ज्याने अकरा वर्षांत बादली उचलली नव्हती, तो माणूस वाकून माती खणत होता. आणि खणणं नवख्याचं नव्हतं. सरी सरळ होती. दोरी धरून आखावी तशी. एक पुरी झाली होती. दुसरी अर्ध्यावर.

"अहो! काय करताय? छातीचं काय?"

त्याने वर पाहिलं नाही.

"थोडंच राहिलंय."

"कोणी सांगितलं खणायला?"

"तूच दिलंस ना फावडं?"

"तुम्हाला नाही! पाहुण्याला! पाहुण्याला दिलं होतं!"

खच्.

खच्.

परसाच्या कुंपणापलीकडे अराफा उभी होती. तिने तोंडावर पदर दाबून धरला होता. तिचं ते हसरं, भांडखोर तोंड पांढरं पडलं होतं.

"ताई," ती म्हणाली. "आपण काय करून बसलो हे?"

"काय?"

"घर कोणाचं?"

हिदायाने मागे वळून घराकडे पाहिलं.

"घर मावशीचं. तिच्याच घरात तिच्यासाठी फावडं ठेवलं आपण. ती कशाला पाहुणी होईल? ती घरची. पाहुणे कोण होते, ताई, त्या घरात? आज तिसरा दिवस कोणाचा होता?"

*

यापुढचं ताईने भराभर सांगितलं.

तिने त्याच्या हातातून फावडं ओढून घेतलं. त्याने विरोध केला नाही. ओढताना एवढं मात्र जाणवलं की दांड्याला दोन ठिकाणी पकड होती. एक त्याच्या हातांची. दुसरी, खाली, पात्याजवळ. ती सुटायला थोडा वेळ लागला.

मग तो निमूट तिच्यामागून आला.

शुक्रवारच्या नावेवर ती त्याला चिकटून बसली. एक हात त्याच्या दंडात, एक त्याच्या छातीवर. धडधड चालू होती. जमीन दिसू लागली, न्यामिसातीचा धक्का आला, बस आली, घर आलं. तिने दार लावलं आणि दाराला टेकून रडली.

आणला. परत आणला.

*

आता मी पाहिलेलं.

दाजी परत आल्यावर मी भेटायला गेले. मेहुणी आणि दाजी म्हटल्यावर आमच्यात थट्टा चालायचीच. ते मला सिकू म्हणायचे. "सिकू, तू आधी दिसली असतीस तर तुझ्या ताईची सुटका झाली असती!" आणि मी म्हणायचे, "मी दिसले होते दाजी, पण तुमचं पोट मधे आलं." वीस वर्षं हाच विनोद. वीस वर्षं दोघं हसायचो.

त्या दिवशी मी म्हटलं, "काय दाजी, बेट खाऊन आलात की थोडं शिल्लक ठेवलंत?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"बस, सिकुधानी," ते म्हणाले.

अख्खं नाव. त्या नावाने मला शाळेतले मास्तर हाक मारायचे.

मला वाटलं, आजारी आहेत. होईल ठीक.

*

नोव्हेंबरमध्ये ताईला फोन आला. ती मशीनवर बसली होती. दाजी आतल्या खोलीत रेडिओवर फुटबॉल ऐकत होते.

"ताई," अराफाचा आवाज. "नवऱ्याला न्यायला कधी येणार? की माझ्याकडेच ठेवायचा विचार आहे?"

"कोणाचा नवरा?"

"कोणाचा म्हणजे? तुमचा. भांडलात का? मी म्हटलं, नवरा-बायकोत आपण कशाला पडा, म्हणून इतके दिवस फोन केला नाही. पण माणूस वाळत चाललाय हो. सकाळी बघावं तर परसात वाकलेला, संध्याकाळी बघावं तर वाकलेला. त्यांनी लावलेल्या कसाव्याच्या कांड्यांना कोंबसुद्धा फुटले."

ताईच्या हातातलं कापड खाली पडलं.

"अराफा, शोमारी इथे आहेत."

"तिथे कसे असतील? हे काय माझ्यासमोर. थांबा, देते."

फोनमध्ये वाळूवरून चालल्याचा आवाज आला. वारा. झावळ्या. मग...

"नस्राच्या आई," शोमारी म्हणाला. "अगं, किती वेळ लावलास! मला न्यायला यायचं विसरलीस की काय?"

आणि त्याच क्षणी आतल्या खोलीतून आवाज आला,

"कोण आहे फोनवर?"

ताईने फोन बंद केला.

आत सांगितलं, "चुकून लागला कोणाचा तरी."

नऊ महिने तिने हे कोणाला सांगितलं नाही.

*

या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तिने मला बोलावलं आणि सांगितलं. पिशवी भरून ठेवलेली होती. एकटीची.

"ताई, तुला वेड लागलंय. अराफा नकला करण्यात पटाईत आहे, तूच सांगितलंस."

"मी असं कधी सांगितलं?"

"मग कोणीतरी आवाज काढला असेल. दाजी आत बसलेत की!"

"बसलेत," ती म्हणाली.

"मग?"

ताईने बराच वेळ सुईत दोरा ओवायचा प्रयत्न केला. ओवला गेला नाही. तिने सुई सुयांच्या उशीत खोचून ठेवली.

"सिकू, हा माणूस मला काही त्रास देत नाही गं," ती म्हणाली. "वाढलं ते जेवतो. सांगितलं तेव्हा झोपतो. औषधं घेतो. कधी आवाज चढवत नाही, कधी माझ्या शिवणकामाला नावं ठेवत नाही. अठ्ठावीस वर्षं मी संसार केलाय. त्रास न देणारा शोमारी मी कधी पाहिलेला नाही."

"आणि तिथला खरा निघाला, तर हा कोण?"

"ते तू विचारू नकोस. मीही विचारलेलं नाही. आठ दिवस त्याला जेवायला घाल, एवढंच कर."

मी तिचा हात धरला. रडले. नस्राला सांगेन म्हणून धमकावलं. ती म्हणाली, "नस्राला मी शब्द दिला होता, म्हणूनच जातेय."

सकाळी दाजींनी तिची पिशवी बसपर्यंत नेली. कुठे चाललीस, असं विचारलं नाही. मीही येतो, म्हणाले नाहीत. बस हलली तेव्हा त्यांनी हात वर केला, आणि बस वळणाआड गेल्यावरही तो बराच वेळ तसाच वर राहिला... खाली घ्यायचा असतो, हे ठाऊक नसल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. वाऱ्यामुळे तुटक ऐकू येत होतं. पण ताई हसत होती. वर्षभरात मी तिला तसं हसताना ऐकलं नव्हतं.

"सिकू! आहे गं, आहे! वाळलाय. हातांना घट्टे पडलेत. मला बघून इतकं भांडला, इतकं भांडला... शुक्रवारच्या नावेने दोघं येतो."

"ताई, नक्की तेच आहेत?"

"बायकोला कळतं."

मग तिने आवाज खाली आणला. "तिकडचा काय करतोय?"

मी वळून पाहिलं. "बसलेत."

"त्याला काही सांगू नकोस."

तो शुक्रवार गेला.

पुढचाही गेला.

आज एकोणीस दिवस झाले. ताईचा फोन बंद आहे. अराफाचा वाजतो, वाजत राहतो, कोणी घेत नाही. न्यामिसातीच्या धक्क्यावर ओळखीचे एकजण आहेत, ते म्हणाले, नावा ठरलेल्या दिवशी येताहेत, वारा चांगला आहे. नस्रा अरुशाहून दिवसातून तीनदा फोन करते. आईशी बोलायचंय म्हणते. मी सांगते, आई झोपलीय. आई बाजारात गेलीय. आता माझी कारणं संपत आलीत.

परवा पोलिसांकडे जाऊन आले. त्यांनी विचारलं, नवरा कुठे आहे? मी म्हटलं, घरी आहे. ते म्हणाले, मग तक्रार नवऱ्याने करायची.

आणि नवरा... ते काहीच विचारत नाहीत. वाढलेलं जेवतात. सांगितलं की झोपतात. एकोणीस दिवसांत ती कधी येणार, हे त्यांनी एकदाही विचारलेलं नाही.

काल दुपारी मला राहवलं नाही. ते चहा पीत होते. मी समोर जाऊन उभी राहिले.

"दाजी, ताई कधी येणार?"

त्यांनी कप खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं. 

"ती घरी पोचली, सिकुधानी," ते म्हणाले.

मी उभी होते, ते ताईचंच घर होतं.